सर्व्हर अपग्रेड : पुण्यातून की शाळेत बसून?



आजचा विषय जरा वेगळा आहे. कविता नाही, अपूर्णांक नाही. शाळेतल्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची झाली तर शहरात बसलेल्या माणसाने ती दुरून बदलावी, की यंत्रासमोर बसून बदलावी, हा आजचा प्रश्न. "हे काही आपलं काम नाही" असं म्हणून लगेच पान बंद करू नका. टॅब, प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही आपल्या शाळांत आलेच आहेत. ते बंद पडले की गावकरी कंपनीला विचारत नाहीत, बाईंना आणि गुरुजींना विचारतात.

मी हिवरे बाजारला राहते. गावापासून गाडीवर पंधरा मिनिटांवर एका वस्तीवर आमची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली ते चौथी, पट चाळीसच्या आत. डी.एड.च्या दोन वर्षांत मला फलकलेखन शिकवलं, पाठ टाचण शिकवलं, सर्व्हर कुणी शिकवला नाही. जे शिकले ते गरजेपोटी शिकले.

सर्व्हर म्हणजे काय, आमच्याकडे कशाला?

मुलांना मी असं सांगते : शाळेत पाण्याची एक टाकी असते आणि नळ अनेक असतात. सर्व्हर म्हणजे टाकी, टॅब म्हणजे नळ. आमचा सर्व्हर म्हणजे डब्याएवढा एक छोटा संगणक. लोकवर्गणीतून घेतलेला. त्यात बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ आहेत, गोष्टींचे ऑडिओ आहेत, गणिताचे व्हिडिओ आहेत, आणि किविक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा इंटरनेटशिवायचा मराठी विकिपीडिया आहे. वर्गातल्या राउटरला टॅब जोडले की मुलं त्यातून वाचतात, ऐकतात. इंटरनेट लागत नाही. वस्तीवर रेंज येते-जाते, त्यामुळे ही टाकी आमच्यासाठी फार मोलाची आहे.

या डब्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. कपाटावर तो गुपचूप चालू असतो. महिन्यातून एकदा मी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडते. मग पुण्यात आयटीत नोकरी करणारा माझा भाचा तिकडून आत शिरतो, नवीन सामग्री टाकतो, छोट्या सुरक्षा-दुरुस्त्या करतो आणि बाहेर पडतो. ही झाली दुरून केलेली कामं. आजवर त्यात काही अडचण आलेली नाही.

बदलायची गरज का पडली?

ऑपरेटिंग सिस्टीमलाही वय असतं. शाळा-शाळांतल्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने देत असलेला नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. आमच्या सर्व्हरवर उबंटू होतं, लिनक्सचा एक प्रकार. त्याच्या आवृत्तीचा आकडाच वर्ष आणि महिना सांगतो. २०.०४ म्हणजे २०२० सालचा एप्रिल. दर दोन वर्षांनी येणाऱ्या या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षं मोफत दुरुस्त्या मिळतात. म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात आमच्या आवृत्तीची पाच वर्षं भरली. त्यानंतर त्यात एखादं भगदाड सापडलं तरी नेहमीच्या मार्गाने ते बुजवायला कोणी येणार नव्हतं.

आणखी एक गंमत. २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही. आधी २२.०४, मग २४.०४. चौथीतलं मूल पाचवी टाळून सहावीत बसत नाही, तसंच. म्हणजे एक नाही, दोन अपग्रेड करायचे होते.

भाच्याचं म्हणणं

फोनवर तो म्हणाला, "मावशी, तू कशाला दगदग करतेस? मी रात्री अकराला इथून सुरू करतो, सकाळी तुझा सर्व्हर नवा. ऑफिसात आम्ही शेकड्याने सर्व्हर असेच बदलतो. त्यातला एकही मी डोळ्याने पाहिलेला नाही."

त्याचं चुकीचं नव्हतं. आज जगातले बहुतेक सर्व्हर दुरूनच सांभाळले जातात. आपले निकाल, अर्ज, बँकेचे व्यवहार ज्या यंत्रांवर चालतात ती नवी मुंबई-पनवेलकडच्या किंवा आणखी कुठल्या डेटा सेंटरमध्ये कुलपाआड असतात, आणि ती चालवणारा माणूस त्याच्या घरी बसलेला असू शकतो. शिवाय खर्चाचा प्रश्न आहेच. नगरहून माणूस बोलावला तरी त्याचा दिवस, त्याचं पेट्रोल, त्याची मजुरी कुठल्या अनुदानातून द्यायची?

पण मी त्याला एक उदाहरण सांगितलं. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेचा संगणक एका दुरुस्तीवाल्याने असाच दुरून अपग्रेड केला. "एनीडेस्कचा नंबर सांगा" म्हणाला, काम सुरू केलं, मध्येच संगणक रीस्टार्ट झाला आणि एनीडेस्क तुटलं ते तुटलंच. तिकडून तो म्हणे बंद दिसतोय, इकडे कुणाला काय करायचं ते माहीत नाही. पावसाळा संपेपर्यंत तो संगणक कपाटात पडून होता. आता डेडस्टॉक रजिस्टरला एक ओळ म्हणून जिवंत आहे, निर्लेखनाची वाट बघत. आमचा डबा असा गेला असता तर दुसऱ्यासाठी वर्गणी मागायला मी कुठल्या तोंडाने गेले असते?

अडचण नेमकी कुठे आहे?

दुरून काम करणारा माणूस यंत्राच्या एका दारातून आत येतो. लिनक्समध्ये त्या दाराला एसएसएच म्हणतात. आता हे दार म्हणजे काय, तर त्याच यंत्रावर चालणारी एक प्रणाली. अपग्रेड करताना सगळ्या प्रणाल्या बदलतात, त्यात हे दारही बदलतं. ज्या फांदीवर बसायचं, तिच्यावरच कुऱ्हाड चालवायची, असा हा प्रकार.

हे मी मनाने सांगत नाही. उबंटूचा अपग्रेड एसएसएचवरून सुरू केला की ते स्वतःच बजावतं : तुम्ही दुरून काम करताय, बिघडलं तर सावरणं अवघड जाईल, म्हणून मी १०२२ क्रमांकाचं एक जादा दार उघडून ठेवतो. डेबियन नावाचं लिनक्स आहे, ज्याच्यावर उबंटू बेतलेलं आहे. त्याच्या अधिकृत सूचनांत दोन्ही रस्ते चालतील असं म्हटलंय, यंत्रासमोर बसून किंवा एसएसएचने. पण दुरून करणार असाल तर स्क्रीन किंवा टीमक्स वापरा, असाही सल्ला आहे. यांचा उपयोग असा, की मध्ये संपर्क तुटला तरी यंत्रावरचं काम चालू राहतं आणि पुन्हा आत आल्यावर जिथे होतो तिथेच जाता येतं. आणि व्हीपीएनसारख्या आडवाटेने आत शिरला असाल तर ती वाट अपग्रेडच्या काळात चालू राहीलच असं धरू नका, असाही इशारा आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बाहेरून सरळ दार ठोठावता येत नाही. म्हणून आमचा डबाच आतून बाहेर, भाच्याच्या घरच्या यंत्रापर्यंत एक बोगदा काढायचा, आणि भाचा त्या बोगद्यातून उलट आत यायचा. म्हणजे आमची वाट आडवाटच होती.

आणि सगळ्यात अवघड क्षण रीस्टार्टचा. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं त्या दोन-चार मिनिटांत दुरून काहीच दिसत नाही. डिस्क तपासणी चाललीय, की कीबोर्ड सापडत नाही म्हणून अडलंय, की वीज गेलीय, तिकडे सगळं सारखंच दिसतं : अंधार. समोर बसलेल्याला मात्र स्क्रीनवर ओळ न् ओळ वाचता येते, आणि गरज पडली तर सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडून यंत्र उठवताही येतं. या समोरच्या स्क्रीन-कीबोर्डलाच कन्सोल म्हणतात.

मोठ्यांचंही अडतं

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते का? नऊनंतर व्हॉट्सअॅप बंद पडलं आणि आपण सगळे मोबाइल बंद-चालू करत बसलो. सुमारे सहा तास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप जगभर बंद होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळंच तुटलं. इंजिनिअरांना ते दुरून दुरुस्त करता येईना, कारण त्यांची अवजारंही त्याच जाळ्यावर होती. शेवटी माणसं डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली, आणि कडक सुरक्षेमुळे आत पोचून काम सुरू करायलाही वेळ गेला.

दुसरं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने दुरून पाठवलेल्या एका सदोष अपडेटने जगातले अंदाजे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने ते अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं होतं. पण जे संगणक उठतच नव्हते त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोचणार कशी? त्यामुळे कितीतरी ठिकाणी माणूस प्रत्येक संगणकासमोर बसला, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली, मग पुढचा संगणक.

मोठ्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरमध्ये यावर एक तोड असते. मुख्य यंत्र झोपलं तरी जागा राहणारा एक वेगळा छोटा संगणक त्यात बसवलेला असतो. त्यातून कन्सोल दुरूनही दिसतो. भाच्याच्या ऑफिसात ते होतं, म्हणून त्याला कधी यंत्र पाहावं लागलं नाही. आमच्या डब्यात ते नव्हतं. मी त्याला म्हटलं, "तुझ्या त्या छोट्या संगणकाची जागा मी घेते. काम तू तिकडूनच कर, पण मी यंत्राजवळ बसल्याशिवाय सुरू करायचं नाही."

आम्ही केलेली तयारी

१. सुट्टी निवडली. मे महिना. मुलं शाळेत नाहीत, म्हणजे दोन दिवस सर्व्हर बंद राहिला तरी चालणार होतं.

२. संपूर्ण डिस्कची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतली. ती उघडते का, तेही तपासलं. न तपासलेली प्रत म्हणजे न तपासलेल्या वह्या, असून नसल्यासारख्या.

३. घरचा मॉनिटर आणि कीबोर्ड नेऊन जोडला, आणि तोही यंत्र सुरू करण्याआधी. काही यंत्रं नंतर जोडलेला मॉनिटर ओळखतच नाहीत.

४. कन्सोलवरचा पासवर्ड आदल्या दिवशी टाकून पाहिला. भाचा दुरून डिजिटल किल्लीने आत यायचा, त्याला पासवर्ड लागत नसे. यंत्रासमोर मात्र पासवर्डच लागतो. तो नीट लिहून, पाकिटात घालून मुख्याध्यापकांकडे दिला.

५. यूपीएस लावला. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस सुरू झाला होता, दुपारी ढग आले की वीज जायची. अर्ध्या अपग्रेडमध्ये वीज गेली तर यंत्र धड जुनंही राहत नाही, धड नवंही होत नाही.

६. दोन फोन, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. एकाचा हॉटस्पॉट सर्व्हरला, दुसऱ्यावर भाच्याशी बोलणं. एकाच सिमवर दोन्ही ठेवलं तर रेंज गेली की सर्व्हरही गेला आणि सांगणारा माणूसही गेला.

त्या दिवशी काय झालं?

सकाळी नऊला सुरू केलं. भाचा पुण्यातून आज्ञा देत होता, मी इथे स्क्रीनकडे बघत होते. मध्ये दोनदा त्याचा संपर्क तुटला, पण काम स्क्रीन प्रणालीत चाललेलं असल्याने थांबलं नाही. साडेअकराला त्याने रीस्टार्ट दिला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिकडून तो म्हणाला, "मावशी, काहीच येत नाही. गेला वाटतं."

मी म्हटलं, "अरे, गेला कुठे? इथे लॉगिन विचारतोय."

यंत्र ठणठणीत होतं. बंद झाला होता फक्त बोगदा. मी पासवर्ड टाकून आत गेले. मग सुरू झालं श्रुतलेखन. एरवी मी घेते, त्या दिवशी मी लिहीत होते. "डॅश म्हणजे मधली आडवी रेघ. आता एक जागा सोड. आता पुढचा शब्द." त्याने सांगितलेली आज्ञा दिल्यावर स्क्रीनवर जी ओळ आली ती मी एकेक अक्षर वाचून दाखवली. ती ऐकताच तो हसला. २२.०४ मधलं नवं एसएसएच जुन्या पद्धतीच्या आरएसए सह्या आपणहून मान्य करत नाही. त्या कमकुवत ठरल्या आहेत, म्हणून आता त्या मुळातच बंद ठेवलेल्या असतात. भाच्याच्या घरचं जुनं यंत्र मात्र तीच एक सही दाखवत होतं. आमचा डबा त्याला ओळख द्यायला तयार नव्हता. म्हणजे जुनाट टोक पुण्यातलं निघालं!

तात्पुरती परवानगी देणारी एक ओळ मी लिहिली, फाइल साठवली, बोगदा पुन्हा सुरू केला. "आलो," तो म्हणाला. सगळा मिळून अर्धा तास. पुढे त्याने घरचं यंत्र बदललं आणि ती ओळ आम्ही काढून टाकली. दुसऱ्या दिवशी २४.०४ ची पायरीही याच पद्धतीने चढलो. त्या वेळी मला नुसतं बसून राहावं लागलं, पण बसले होते.

आता विचार करा, त्या वेळी शाळेला कुलूप असतं तर? पुण्यातून त्याला यंत्र मेल्यासारखंच दिसत होतं. कुणीतरी नगरला नेऊन दाखवलं असतं, दुकानदाराने "विंडोज टाकून देतो" म्हटलं असतं, आणि सगळी सामग्री पुसली गेली असती. चालू यंत्र आपण मेलेलं म्हणून पुसून टाकलं असतं.

मग दुरून करावं की जवळून?

माझं उत्तर असं. ज्या कामाने दार बदलत नाही आणि रीस्टार्ट लागत नाही, ते खुशाल दुरून करून घ्या. नवीन पुस्तकं टाकणं, छोट्या दुरुस्त्या, तपासणी, यासाठी कुणाला वस्तीवर बोलवायची गरज नाही. पण ज्या कामात दारच बदलणार आहे, त्या वेळी जाणकार दूर असला तरी चालेल, यंत्राजवळ एक माणूस हवाच. तो इंजिनिअर नसला तरी चालतो. स्क्रीनवर आहे तेच वाचणारा, सांगितलं तेवढंच लिहिणारा आणि मनाने बटण न दाबणारा असला की पुरे. हे तर आपण रोज चौथीच्या मुलांना शिकवतो.

आमच्या हिवरे बाजारला बाहेरून पाहुणे येतात ते पाण्याचा ताळेबंद समजून घ्यायला. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे आदर्श गाव योजना आली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. योजना सरकारची होती, तांत्रिक सल्ला बाहेरच्या जाणकारांचा होता. पण पाऊस किती पडला आणि विहिरीत पाणी किती आहे हे गावातला माणूस मोजतो, आणि त्यावर कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभा ठरवते. बाहेरचा सल्ला गावाने घेतला, मोजायची काठी मात्र स्वतःच्या हातात ठेवली. शाळेच्या यंत्राबाबतही एवढंच करायचं आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा एका आजोबांनी विचारलं, "बाई, ते ठीक आहे. पण तुमची बदली झाल्यावर डब्याजवळ कोण बसणार?"

प्रश्न खरा होता. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली ही पावसापेक्षा नक्की. म्हणून आता सर्व्हरशेजारी दोनशे पानी एक वही आहे. यंत्र कुठून सुरू करायचं, मॉनिटर कुठे जोडायचा, पासवर्डचं पाकीट कुठे आहे, कोणत्या तारखेला काय बदललं, कुठली ओळ लिहिली आणि कधी काढली, सगळं मराठीत, चित्रं काढून. समितीच्या सदस्य असलेल्या दोन माता-पालक दर महिन्याला माझ्याबरोबर बसतात. गेल्या महिन्यात त्यातल्या एकीने मॉनिटर जोडण्यापासून लॉगिनपर्यंत सगळं एकटीने केलं आणि वहीत स्वतःच्या अक्षरात तारीख टाकली. भाचा तिकडून फोनवर तिला "ताई, आता पुढची ओळ वाचा" म्हणत होता, आणि मी शेजारच्या वर्गात पाढे घेत होते.

तुमच्या शाळेत असं यंत्र असेल तर या आठवड्यात एकच करा. त्याला मॉनिटर जोडा आणि त्याचा पासवर्ड टाकून बघा. उघडलं तर वहीचं पहिलं पान त्याच दिवशी लिहा. नाही उघडलं, तर पुढचा अपग्रेड येण्याआधी ते कळलं हे बरंच झालं.